वेल्समधलं कोळशाचं गाव : सासऱ्यांना न्यावं की नको?

कार्डिफची_सून
नमस्कार मंडळी. सहा वर्षं कार्डिफला आहे, पण खरं सांगते, वरच्या दऱ्यांमध्ये पाँटिप्रिदच्या पुढे कधी गेले नाही. पुढच्या महिन्यात सासूसासरे येताहेत. सासरे बल्लारपूरला भूमिगत खाणीत ओव्हरमन होते. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. फोनवर लंडनचा बेत सांगायला लागले तर म्हणाले, "ते राजवाडे तुम्ही पाहा, मले तिथली खदान दाखवा."

नवरा म्हणतो, जन्म खाणीत गेला, आता सुट्टीतही खाणच का? आणि त्या गावांत राहिलंय काय, बंद दुकानं आणि पाऊस. ऑफिसातल्या वेल्श मैत्रिणीला विचारलं तर ती जरा गप्प झाली. म्हणाली, "माझे आजोबा खाणीत होते. लोक येऊन आमच्या गल्लीचे फोटो काढतात, ते मला आवडत नाही." तेव्हापासून माझं काही ठरेना.

तर, कुठे जावं? सासऱ्यांना झेपेल का (वय ७२, गुडघे कुरकुरतात)? आणि कोणाच्या बंद पडलेल्या गावात असं सहलीला जाणं बरं दिसतं का?

टवाळ_पाहुणा
सासऱ्यांना खाली नेऊन परत वर आणायचं आहे ना? तेवढं आधी स्पष्ट करा, मग सल्ला देतो.

रेनकोट_कायम
न्यूपोर्टला अकरा वर्षं झाली. पाहुणे आले की माझी वारी ठरलेली, ब्लायनॅव्हनची बिग पिट. १९८० साली खाण बंद झाली, १९८३ साली लोकांना बघायला उघडली, आता वेल्सचं राष्ट्रीय कोळसा संग्रहालय आहे. खऱ्या पिंजऱ्यातून खरोखर ९० मीटर खाली नेतात. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा, कमरेला बॅटरी. मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्ली, लायटर, बॅटरीवर चालणारं जे असेल ते सगळं वरच काढून घेतात, कारण तिथे आजही खाणीचेच नियम लागू आहेत. साधारण पन्नास मिनिटांचा फेरा. काही ठिकाणी कमरेत वाकावं लागतं, पायाखाली ओबडधोबड. गुडघ्यांचं आधीच सांगून ठेवा, वाटाडे सांभाळून घेतात.

वाटाडे म्हणजे खाणीत काम केलेली माणसं, पोपटपंची करणारी पोरं नव्हेत. त्यांची वयं बघता हे किती वर्षं चालेल कोण जाणे, म्हणून लवकर जा.

ब्लायनॅव्हनला रेल्वे नाही. वाफेच्या इंजिनाची हौशी गाडी आहे, तिच्या भरवशावर राहू नका. कार्डिफहून गाडीने साधारण तासभर. गावात १७८९ सालचा लोखंडाचा कारखानाही बघून घ्या, अख्खा परिसर २००० सालापासून जागतिक वारशात आहे. आणि हो, खाणीच्या तळाशी मुरवलेलं चेडर मी तिथून आणलं होतं. चव चेडरचीच, पण पाहुण्यांना गोष्ट सांगायला बरं पडतं.

काटकसरी_काका
गाडी नसेल तर ऱ्हॉन्दाची दरी बरी. कार्डिफहून ट्रेहर्बर्टची गाडी धरायची, ट्रेहाफडला उतरायचं, पाच मिनिटांवर लुईस मर्थर खाण. १९८३ ला बंद झाली, आता तिथे ऱ्हॉन्दा हेरिटेज पार्क. विहिरींवरचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत, बर्टी आणि ट्रेफॉर. मालकाने आपल्या मुलांची नावं दिली होती म्हणे. नंतर त्याच गाडीने वर ट्रिऑर्कीला जा. तिथला बाजाररस्ता २०१९ च्या स्पर्धेत ब्रिटनमधला सर्वोत्तम ठरला होता. बंद दुकानांची गोष्ट करणाऱ्या तुमच्या यजमानांना मुद्दाम तिथेच न्या.

चांदाकर
काका, ट्रेहाफडला 'खाली' जे आहे ते तयार केलेलं आहे ना? खाणीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला सेट दाखवणार? बिग पिटच. मी स्वतः चंद्रपूरचा, वडील वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी). ओव्हरमन म्हणजे अख्ख्या पाळीची जबाबदारी अंगावर असलेला माणूस. त्यांना छत बघितल्याशिवाय चैन पडणार नाही बघा.

काटकसरी_काका
@चांदाकर, मान्य. पण तिथेही माहिती द्यायला खाणकामगारच होते, मी गेलो तेव्हा तरी. आणि गुडघ्यांचा विचार मी केला, तुम्ही छताचा करताय.

अनुस्वार
अवांतर : 'ऱ्हॉन्दा' लिहिल्याबद्दल काकांना मनापासून धन्यवाद. इंग्रज मंडळी 'रॉन्डा' म्हणतात. वेल्शमध्ये सुरुवातीला श्वासाचा र आहे आणि दोन डी म्हणजे मऊ द. आपला ऱ्हासातला ऱ्ह जवळपास तोच. आपल्या लिपीत हे सरळ लिहिता येतं.

टवाळ_पाहुणा
म्हणजे ऱ्हास झालेलं ऱ्हॉन्दा. पुढील लेखनास शुभेच्छा.

कार्डिफची_सून
मग दोन एल? ते मला सहा वर्षांत जमलेलं नाही. आपल्याकडे ळ आहे, त्याने काम भागेल का?

अनुस्वार
नाही भागणार. ळ ला जीभ मागे वळते. इथे जीभ 'ल'च्या जागी ठेवायची, तशीच धरायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची, मांजर फिसकारल्यासारखी. 'लानेली' म्हणून बघा, त्यात दोनदा आहे. आणि डब्ल्यू हा स्वर असतो, म्हणून दरी म्हणजे 'कुम'. रस्त्यावर 'आराव' लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, हळू चालवा एवढंच म्हणतात.

पावशेर_गूळ
रात्री अकरा वाजता मी घरात मांजरासारखी फिसकारतेय आणि नवरा दारात उभा राहून बघतोय. धाग्याचा निषेध.

निळी_शाई
एक सुचवू का? आबरव्हॅन. सहलीच्या यादीत घालायला नव्हे, पण तुम्ही त्या दऱ्यांत जाताच आहात तर. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळी सव्वानऊ. दुसऱ्या दिवसापासून मुलांना सुट्टी लागणार होती. मर्थर व्हेल खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा सात नंबरचा ढीग झऱ्यांवर रचलेला, पावसाने फुगून खाली आला आणि पँटग्लासच्या शाळेवर गेला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. शाळेच्या जागी आता बाग आहे, वर टेकडीवर दफनभूमीत पांढऱ्या कमानींची रांग.

मी गेले होते तेव्हा बागेत एक आजोबा वाफे साफ करत होते. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. वीसेक मिनिटं बाकावर बसले आणि परत आले.

रेनकोट_कायम
मी तिथे पाहुणे नेत नाही. विचारलं तर सांगतो, पण नेत नाही. तिथे वाचलेली माणसं, भाऊ-बहीण गेलेली माणसं अजून राहतात. धागाकर्तीच्या मैत्रिणीला जे आवडत नाही ते हेच.

निळी_शाई
पटतंय. म्हणूनच 'यादीत नव्हे' म्हटलं. पण न जाण्यातही एक सोय असते हो, आपल्यापुरती.

चांदाकर
आबरव्हॅनबद्दल मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? उरलेले ढीग हलवा म्हणून गावाने जीव तोडून सांगितलं. सरकारने हलवले, पण खर्चासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले. मेलेल्या पोरांच्या नावाने आलेले पैसे! ते परत केले १९९७ साली, व्याजाशिवाय. पुढे २००७ साली वेल्सच्या सरकारने १५ लाख पौंड दिले.

आणि हे संपलेलं नाही. वेल्समध्ये बंद खाणींचे अडीच हजारांच्या आसपास ढीग आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत ऱ्हॉन्दामध्येच टायलर्सटाउनला एक घसरला, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कुमटिलरीला चिखल घरांत शिरला. आमच्या घुग्घुसकडे जाताना ओबीचे (खाणीवरून काढलेल्या दगडमातीचे) डोंगर दिसतात ना, पावसाळ्यात त्यांच्याकडे बघून मला हेच आठवतं.

गिरणगावकर
वडील मुंबईच्या गिरण्यांच्या ८२ च्या संपातले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आजतागायत कोणी मागे घेतलेला नाही, असं ते हसून सांगत. म्हणून वेल्सच्या खाणकामगारांचा ८४-८५ चा संप मी वेगळ्या डोळ्यांनी वाचला. ऱ्हॉन्दा फाख दरीच्या टोकाला मार्डी नावाचं गाव. वर्षभर एकही माणूस फुटला नाही. मार्च १९८५ मध्ये हरल्यावर बँड वाजवत, बायकापोरांसकट खाणीच्या फाटकापर्यंत चालत गेले. १९९० च्या डिसेंबरात खाण बंद. ती ऱ्हॉन्दामधली शेवटची.

आमच्याकडे चिमणी पाडून टॉवर उभे राहिले, तिथे ढीग सपाट करून गवत लावलं. कोणाचं बरं झालं?

हिशेबनीस
गवताचं. भावना समजतात, पण तोट्यातल्या खाणी कोणी किती वर्षं पोसायच्या? १९१३ साली साउथ वेल्समधून ५.७ कोटी टन कोळसा निघाला, ती शिगेची वेळ. पुढे जहाजं तेलावर गेली, गिऱ्हाईक गेलं. कोणी ना कोणी फाटकाला कुलूप लावणारच होतं.

गिरणगावकर
१९१३ चा आकडा दिलात तर त्याच वर्षाचा दुसराही द्या. १४ ऑक्टोबर १९१३, सेंगेनिद, स्फोटात ४३९ खाणकामगार आणि सोडवायला गेलेला एक. मॅनेजरला दंड २४ पौंड, कंपनीला १०. हिशेब करायचाच तर पूर्ण करा.

आणि 'तोट्यातल्या' म्हणाल तर हिरवॉनची टॉवर खाण. १९९४ साली परवडत नाही म्हणून बंद केली. २३९ कामगारांनी सेवासमाप्तीच्या पैशातले प्रत्येकी ८,००० पौंड घालून ती विकत घेतली, १९९५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केली आणि २००८ पर्यंत चालवली, तीही कोळसा संपला म्हणून थांबवली.

हिशेबनीस
टॉवरचं उदाहरण चोख आहे, ते मान्य. एक खाण, एक अपवाद, इतकंच म्हणेन.

टवाळ_पाहुणा
त्या टॉवरवर आता झिपलाइन आहे, २०२१ पासून. सासऱ्यांना खाली न्यायचं नसेल तर वरून सोडा.

निवृत्त_वैद्यबुवा
उशिरा येतोय. मी मिरजेचा, १९७९ साली इथे आलो आणि पुढची सत्तावीस वर्षं एका दरीत जीपी, म्हणजे गावचा फॅमिली डॉक्टर, होतो. गावाचं नाव सांगत नाही, अजून पेशंट भेटतात बाजारात.

आम्ही तिथे का गेलो? हॉस्पिटलात वरची जागा आम्हाला मिळेना, आणि दऱ्यांतल्या प्रॅक्टिस इथल्या मुलांना नको होत्या. म्हणून त्या काळात एकामागून एक गावात डॉक्टर म्हणजे कोणी राव, कोणी पटेल, कोणी आपला कुलकर्णी. ग्लिनकॉरुगच्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की जिथे उपचाराची गरज जास्त तिथेच तो कमी मिळतो. आम्ही ते वाक्य रोज जगत होतो.

लोक म्हणायचे, "त्याला धूळ आहे." म्हणजे फुप्फुसात कोळशाची धूळ. पायऱ्या चढून येणाऱ्याच्या दमावरून मला दार उघडायच्या आधी कोण आलंय ते कळायचं. आणि हातांवर, कपाळावर निळ्या रेघा. जखमेत कोळसा राहिला की वरून कातडी येते आणि गोंदल्यासारखी निळी खूण कायम राहते. फुकट मिळणाऱ्या कोळशाचा ढीग घरासमोर रस्त्यावर ओतून जायचे, तो मग आत वाहायचा. सुरुवातीला एका म्हातारीने मला खाली वाकून फावडं मारताना बघितलं (तिचा नवरा आजारी होता) आणि गल्लीभर सांगितलं की नवा डॉक्टर कामाचा आहे. माझी प्रॅक्टिस तिथून चालली, डिग्रीवर नव्हे.

एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ज्यांनी उभी केली ते अन्यूरिन बेव्हन याच भागातले, ट्रेडेगरचे, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले. गावातल्या कामगारांची पगारातून वर्गणी कापून चालणारी वैद्यकीय सोसायटी होती, तोच नमुना त्यांनी १९४८ साली देशाला दिला.

ताई, जा. कॅमेरा कमी काढा, कॅफेत बसा, चहा मागवा, "माझे सासरे खाणीत होते" एवढं वाक्य टाका. पुढचं तुम्हाला काही करावं लागणार नाही.

पावशेर_गूळ
वैद्यबुवा, स्वतंत्र लेख लिहा, हात जोडते.

एक विचारू? इतका वेळ सासरे, सासरे चाललंय. सासूबाईंना कोणी विचारलं का, त्यांना काय बघायचंय?

कार्डिफची_सून
@पावशेर_गूळ, बरोबर कान पकडलात. आज विचारलं. त्या म्हणाल्या, "मी वर बसून राहीन, तुम्ही या पाहून."

चांदाकर
वर बसू देऊ नका. माझ्या आईने वडिलांची खाण जन्मात आतून बघितली नाही. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने बाईला खाली काम करायला बंदी होती, २०१९ ला ती उठली. इथे वेल्समध्येही १८४२ पासून तेच होतं. घरात भीती सगळ्यात जास्त तिला, आणि जागा माहीत नाही तीही तिलाच.

अनुस्वार
+१

*(पाच आठवड्यांनंतर)*

कार्डिफची_सून
मंडळी, जाऊन आलो. ब्लायनॅव्हन. धागा वर काढते आहे, लांबलं तर सोसून घ्या.

पाऊस होताच. दिवे वाटायच्या खोलीत सासऱ्यांनी कोणी सांगायच्या आत खिसे रिकामे केले : घड्याळ, मोबाइल, तंबाखूची डबी, चुन्याची डबी. वाटाड्याने तंबाखूची डबी उचलून वास घेतला आणि म्हणाला, ही ठेवलीत तरी चालेल, खाली विडीकाडी बंद म्हणून आमचे लोकही तंबाखूच चघळायचे. मी भाषांतर केलं, तर सासरे म्हणाले, "त्याले सांग, मले माहीत आहे." कसं माहीत होतं, देव जाणे.

सासूबाई रांगेत नव्हत्याच, बाकावर बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. पदर आत खोचावा लागला. पिंजऱ्यात त्यांनी माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती.

खाली एका वळणावर सासरे थांबले आणि काठीने छत ठोकलं. एकदा, मग हातभर पुढे दुसऱ्यांदा. सगळी रांग थांबली. वाटाडा मागे आला, काही न बोलता त्यांच्याकडून काठी घेतली आणि त्यानेही ठोकलं. मग सासरे म्हणाले, "ओव्हरमन. इंडिया." तो म्हणाला, "डेप्युटी. बावीस वर्षं." आपल्याकडच्या मायनिंग सरदाराला (ओव्हरमनच्या हाताखालच्या माणसाला) इथे डेप्युटी म्हणतात, हे मला सासऱ्यांनीच नंतर सांगितलं. पुढे जाळी लावलेल्या दिव्याच्या ज्योतीवर गॅस कसा ओळखायचा ते तो दाखवत होता. ज्योत बारीक करायची, वर फिकट निळी टोपी दिसते का बघायचं. सासऱ्यांनी चिमटीने त्या टोपीची उंची दाखवली आणि दुसऱ्या हाताने 'बाहेर पळा' अशी खूण केली. वाटाडा इतका हसला की त्याला खोकला लागला. बराच वेळ थांबला नाही तो खोकला.

वैद्यबुवा, निळी रेघ होती. वाटाड्याच्या हनुवटीवर. सासऱ्यांच्या उजव्या भुवईवरही आहे, मी लग्नापासून ती जन्मखूण समजत होते.

मग सगळ्यांनी दिवे बंद करायचे असतात. केले. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नाही. त्या अंधारात सासूबाईंचा आवाज आला, अगदी साधा, "एकतीस वर्षं डबा भरून दिला, तो इथे बसून खायचे का?" सासरे म्हणाले, "हाव. उंदीर असायचे, म्हणून उभ्यानं."

वर आल्यावर दोघं कॅन्टीनमध्ये बराच वेळ बोलत होते. आम्ही दुसऱ्या टेबलावर बसलो. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

मैत्रिणीला सोमवारी सांगितलं. तिने आजोबांचा एक फोटो दाखवला फोनवर, आणि तिच्या गावाला, फर्नडेलला, जेवायला बोलावलंय सगळ्यांना. सासूबाई पुरणपोळ्या करून नेणार म्हणताहेत. आबरव्हॅनला गेलो नाही.

निवृत्त_वैद्यबुवा
भुवईवरची खूण म्हणजे छतावरून पडलेला तुकडा असणार. विचारून बघा, ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत, सासूबाईंना आता सांगतील.

हिशेबनीस
वाचलं. काही मुद्दा नाही, फक्त वाचलं म्हणून लिहितोय.

टवाळ_पाहुणा
म्हणजे दोघांनाही वर आणलंत. छान. दोन एलचं काय झालं ते राहिलं.

कार्डिफची_सून
सासूबाईंना पहिल्या फटक्यात आला! वाटाड्याने 'लानेली' म्हणून दाखवलं, त्यांनी तसंच्या तसं परत म्हटलं. म्हणाल्या, चुलीवरची कढी उतू जाताना असाच आवाज होतो. मला अजून येत नाही.